तीन गावी मेलेला गवंडी

आमच्या गल्लीत एक ओळंबा राहतो. ओळंबा म्हणजे गवंडी वापरतात तो, दोरीच्या टोकाला बांधलेला लोखंडी गोळा. भिंत सरळ चढली आहे की नाही ते बघायला वरून सोडतात. हा मात्र दोन पायांचा आहे, गवंडीकामातून सात वर्षांपूर्वी मोकळा झालेला आहे आणि नात्याने माझा साडू आहे. त्याची बायको थोरली, माझी धाकटी, दोघी सख्ख्या बहिणी. थोरलीला आम्ही सगळेच अक्का म्हणतो. साडूला आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव आहे म्हणतात, पण त्या नावाने त्याला कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही.

ओळंबा हे नाव त्याला हत्यारामुळे नाही पडलं, स्वभावामुळे पडलं. कुठल्याही गोष्टीवर तो एकदा वरून दोरी सोडून बघणारच. चहाच्या दुकानात बसण्याआधी बाक हलवणार. डॉक्टरने लिहून दिलेली गोळी औषधवाल्याला विचारणार आणि औषधवाल्याने दिलेली गोळी पुन्हा डॉक्टरला नेऊन दाखवणार. एकदा अक्काचं अंग गरम लागलं म्हणून त्याने ताप मोजायची काचेची नळी आणली. नळीने सांगितलं, ताप नाही. ह्याचा विश्वास बसेना, म्हणून दुसरी आणली. दुसरीने थोडा ताप दाखवला. आता दोघींतली खोटारडी कोण? म्हणून तिसरी आणली, साक्षीला. तोवर अक्का उठून भांडी घासायला लागली होती.

मी शिंपी माणूस. पुढे दुकान, मागे राहायचं, असं छोटं घर मी बांधलं तेव्हा सगळे बघायला आले. कोणी खिडक्या बघितल्या, कोणी रंग बघितला. ओळंबा उंबऱ्यातच थांबला, खिशातून काचेची गोटी काढली आणि फरशीवर ठेवली. ही गोटी त्याच्या खिशात कायम असते, फरशीचा उतार बघायला. गोटी घटकाभर विचार करत थांबली, मग निघाली, ती थेट कपाटाखाली गेली.

"साडू," तो म्हणाला, "तुझ्या गवंड्याने तुला फसवलंय."

गवंडी माझा चुलतभाऊ होता, म्हणून तर ह्याला काम दिलं नव्हतं. पण त्या दिवसापासून आजतागायत त्या खोलीत मला आपण उतारावर उभे आहोत असं वाटतं. शिलाई मशीनच्या एका पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी घातली, ती अजून तिथेच आहे.

लोकांना वाटतं हा जन्मतःच असा. तसं नाही. तरुणपणी तो भोळा म्हणावा इतका सरळ होता. त्याचं मन फिरलं ते एका हौदापायी.

आमच्या वस्तीच्या टोकाला तेव्हा कागदाचा कारखाना होता. कारखान्याला पाण्याचा मोठा उघडा हौद हवा होता: चाळीस पावलं लांब, पंचवीस पावलं रुंद, माणसाच्या छातीइतका खोल. ओळंबा तेव्हा सव्वीस वर्षांचा, हाताखाली आठ माणसं. एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळालेलं. नकाशात हौदाचे कोपरे सरळ होते, पेटीसारखे. ओळंबा म्हणाला, भिंत जिथे तळाला मिळते तिथेच हौद फुटतो, तिथे गोलाई द्या. बांधकामावरचा साहेब म्हणाला, "नकाशात गोलाई आहे का? नाही ना? मग थापी चालव."

पुढे साहेब आजारी पडला आणि बारा दिवस आला नाही. त्या बारा दिवसांत ह्या पठ्ठ्याने सगळ्या हौदाला आतून गोलाई दिली. कारखान्यात पट्ट्यावर फिरणारं एक मोठं लाकडी चाक मोडून पडलं होतं. त्याचा चतकोर तुकडा त्याने उचलला, ओल्या मालावरून फिरवला आणि भिंतीपासून तळापर्यंत सगळीकडे एकसारखा बाक आणला. चारी बाजूंनी. मी तेव्हा बघायला गेलो होतो, नवीनच सोयरीक झाली होती आमची. हौद कसला, खोलगट ताटलीच दिसत होती ती. त्यावरून नुसता हात फिरवत राहावं असं वाटायचं.

साहेब परत आला आणि बघतच राहिला. मग त्याने कागद मागवला आणि लिहिलं, की अमुक गवंड्याने नकाशाबाहेर काम केलं आहे. एवढ्यावर भागलं असतं. पण तीन महिन्यांनी हौदातलं पाणी रोज दोन बोटं उतरायला लागलं. कुठून जातंय ते कोणी शोधलं नाही. नकाशाबाहेरचं काम कोणाचं, हे कागदावर होतंच. ओळंब्याला कारखान्यातून काढलं, आणि त्या एका कागदावरून पुढे त्याला सरकारी, निमसरकारी कुठलंच काम मिळालं नाही. जन्मभर लोकांची न्हाणीघरं आणि गच्च्या करत राहिला. कामाला चोख, पण कोपरा सरळ म्हणजे सरळ. माझ्या न्हाणीघराच्या दुरुस्तीत मी म्हणालो, कोपरा जरा गोल कर, झाडताना बरं पडतं. तो म्हणाला, "नकाशात दाखव."

कारखाना पुढे बंद पडला, पत्रे गेले, यंत्रं गेली. उरला तो कोरडा हौद आणि भोवती तारेचं कुंपण. बेचाळीस वर्षांत ओळंबा कुंपणाच्या आत गेला नाही. रोज संध्याकाळी फिरायला मात्र त्याच बाजूला जायचा.

आणि गेल्या तीन-चार वर्षांत त्या हौदात पोरं घुसली. चाकं लावलेल्या फळीवर उभं राहायचं, भिंतीच्या बाकावरून खाली सुटायचं, समोरच्या भिंतीवर चढायचं, परत सुटायचं. त्यात सगळ्यात पुढे ओळंब्याची नात. वय तेरा, आम्ही तिला भिंगरी म्हणतो. तिच्या गुडघ्यांवरची खपली कधी पूर्ण वाळलेली मी बघितली नाही.

मग एक दिवस शाळेच्या भिंतीवर सूचना लागली. जुन्या कारखान्याच्या जागेवर मुलांसाठी स्केटपार्क करायचा आहे, रहिवाशांनी शनिवारी सकाळी शाळेच्या सभागृहात यावं आणि आपली मतं सांगावीत. स्केटपार्क म्हणजे फळीवरून पडण्यासाठी मुद्दाम बांधलेली जागा, अशी माझी समजूत होती, ती फारशी चुकीची नव्हती.

ओळंब्याने ती सूचना दोनदा वाचली आणि कागदाचा कोपरा नखाने उचलून मागे काही आहे का तेही बघितलं.

"साडू, आपल्याला आजवर कोणी काही विचारलंय?"

"नाही."

"मग आत्ताच का विचारतायत?"

"पार्क करायचाय म्हणून."

"करायचाय तर करावा. विचारायचं कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय."

हे एकट्या ओळंब्याचं नव्हतं. अख्ख्या गल्लीच्या मनात पाल चुकचुकली होती. किराणा दुकानदाराचं म्हणणं, मतं विचारून नावं लिहून घेणार आणि मग विरोध करणाऱ्यांच्या दारात रोज कोणीतरी तपासणीला येणार. सलूनवाला म्हणाला, सभेला चहा आहे म्हणे, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. तरी शनिवारी सगळे आले. काय चाललंय ते बघायला आले, बोलायला कोणीच नाही. हजेरीच्या कागदावर नाव आणि फोन नंबर लिहायचा होता. पहिल्या चौघांनी नंबरातला एकेक आकडा बदलला. मी पाचवा, मी पण बदलला. का बदलला ते आजही सांगता येणार नाही.

पार्कचा नकाशा करणारी बाई तरुण होती. बूट धुळीने भरलेले, कानामागे पेन्सिल. तिने टेबलावर मोठा नकाशा पसरला होता आणि शेजारी रंगीत चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. आवडलं तिथे हिरवी, नको तिथे लाल. पोरांनी पाच मिनिटांत हौदाभोवती हिरव्या चिठ्ठ्यांचं रान उठवलं. मोठ्यांनी एकेक चिठ्ठी घेतली आणि खिशात ठेवली.

ओळंबा टेबलाभोवती एक फेरी मारून आला. मग सगळ्यांच्या देखत त्याने नकाशाचं टोक धरून वर उचललं.

खाली दुसरा नकाशा होता.

"हे काय?" तो म्हणाला. "वरती एक दाखवायचा, खाली एक ठेवायचा?"

सभागृहात कुजबुज झाली. सलूनवाल्याने मला कोपर मारलं. बाईचा चेहरा लाल झाला, पण तिने काही लपवलं नाही. वरचा नकाशा बाजूला केला आणि खालचा सगळ्यांना दाखवला. त्यात हौद नव्हता. तिथे एक सपाट चौथरा होता आणि त्यावर तयार आणून ठेवायचे लोखंडी उतार.

"आजोबा, हा दुसरा मी आज दाखवणारच होते," ती म्हणाली. "मला पहिला करायचाय. ह्या हौदाला जो बाक आहे, तसा नव्याने करून घ्यायला भले भले कारागीर मिळत नाहीत. पण तो ठेवायचा तर त्याच्या पोटात काय आहे ते मला कळलं पाहिजे. तळ किती जाड, बाकाखाली भर कसली, सळई आहे का जाळी आहे. कारखान्याच्या जुन्या नकाशात कोपरे सरळ आहेत आणि इथे ते गोल आहेत. म्हणजे कोणीतरी नकाशाबाहेर काम केलंय. ते कोणी केलं, हे मला हवंय."

आता बघा, बाईचा हेतू चांगला होता. पण नेमकं हेच वाक्य बेचाळीस वर्षांपूर्वी एका माणसाच्या पोटावर आलं होतं, आणि ते गल्लीतल्या प्रत्येक जुन्या माणसाला पाठ होतं. चौकशी लागली, असंच सगळ्यांना वाटलं. सगळे छताच्या पंख्याकडे बघायला लागले. ओळंबा तिसऱ्या रांगेत येऊन बसला होता, हातावर हात ठेवून, पंख्याकडे बघत.

"कोणालाच माहीत नाही?" बाईने विचारलं.

सलूनवाल्याला शांतता सहन होत नाही, हा त्याच्या धंद्याचाच दोष. तो म्हणाला, "होता एक गवंडी. पण तो वारला. समुद्रकाठच्या गावी गेला होता, तिकडेच."

बाईने वहीत लिहिलं. किराणा दुकानदाराला वाटलं, एवढ्याने ती ऐकायची नाही, समुद्रकाठी जाऊन शोधेल. तो म्हणाला, "समुद्रकाठी नाही हो, डोंगरात. उंचावरून पडला. मी स्वतः ऐकलंय."

बाईने तेही लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी सगळ्यात म्हातारा दिसतो. तिसरा मारेकरी मी. मी म्हणालो, "मुलाकडे राहायला गेला होता, परदेशात. तिथे थंडीने गेला बिचारा."

ओळंबा स्वतःची तिन्ही मरणं ऐकत होता. थंडीचं ऐकून त्याने शर्टाचं वरचं बटण लावलेलं मी बघितलं.

बाईने वही मिटली. म्हणाली, "मला तीनच ठिकाणी भोकं पाडून बघायची परवानगी आहे. कुठे पाडायची ते ठाऊक नसेल तर त्या तिन्हींचा उपयोग नाही. पुढच्या शनिवारपर्यंत काही कळलं नाही, तर नियमाप्रमाणे हौद तोडावा लागेल. सोमवारी यंत्र येईल."

बाहेर पडल्यावर दुकानदार ओळंब्याच्या कानाशी म्हणाला, "काळजी करू नको. आम्ही कोणी तोंड उघडत नाही." ओळंब्याने मान हलवली. एवढ्या प्रेमाने आपल्याला मारलं म्हणून आभार कसे मानायचे, ते त्याला कळत नसावं.

त्या दुपारी मी त्याच्याकडे होतो. अक्का शेंगा सोलत होती. भिंगरी आली, फळी दाराशी टेकवली आणि सरळ विचारलं, "आबा, तो हौद तुम्ही बांधला ना?"

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. हौदाच्या वरच्या कडेला एका जागी अंगठा दाबलेला आहे. आपल्या मागच्या पायरीवर आहे तसाच. एका बाजूला थोडा वाकडा."

ओळंबा काम संपलं की शेवटच्या ओल्या कडेवर अंगठा दाबतो, हे मला माहीत होतं. पण घरच्या पायरीवरच्या त्या खळग्यात ही पोरगी रांगत होती तेव्हापासून स्वतःचा अंगठा घालून बघते, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"त्या बाईने पाठवलं तुला?"

"नाही आबा."

"शाळेतल्या बाईंनी?"

"अहो आबा, मी इथेच राहते."

"मग असे अंगठे कितीतरी जणांचे असतात."

भिंगरी अक्काकडे बघायला लागली. अक्काने शेंगांवरून नजर न काढता सांगितलं, "त्यांनी लग्नानंतर सहा महिने माझ्या चहात साखर किती आहे ते स्वतः चाखून बघितलं. तू नात आहेस, तुला वर्षभर तरी लागेल."

रविवार ते गुरुवार तो संध्याकाळी फिरायलाही बाहेर पडला नाही. शुक्रवारी उजाडताच माझ्या दाराशी आला. म्हणाला, "फिरायला चल." गेलो. नेहमी तो कुंपणापाशी वळतो. त्या दिवशी पोरांनी तार वाकवून केलेल्या वाटेने आत शिरला, अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे धरून. मी त्याच्या मागे.

हौदात उतरल्यावर त्याने आधी धोतर वर खोचलं. मग गोटी काढली आणि वरच्या कडेवरून सोडली. गोटी बाकावरून सरसर खाली आली, तळावर पसरत गेली आणि लांबच्या कोपऱ्यात, जिथून पूर्वी पाण्याचा नळ आत येत होता तिथे, जाऊन थांबली. पाच वेळा, पाच ठिकाणांहून सोडली. पाचही वेळा त्याच कोपऱ्यात.

"उतार जसाच्या तसा आहे," मी म्हणालो. आता इतक्या वर्षांत एवढं मलाही कळायला लागलंय.

"उताराचं काय घेऊन बसलास." तो त्या कोपऱ्यापाशी उकिडवा बसला. "साडू, पाणी कुठून गेलं असेल?"

"मला काय विचारतोस? मी शिंपी."

"इथूनच गेलं असेल. ह्या कोपऱ्याची गोलाई मी शेवटच्या दिवशी केली. बाराव्या. माल कमी पडत होता, माणसं दमली होती, साहेब दुसऱ्या दिवशी येणार होता. मी घाई केली." तो बोलता बोलता बाकावरून अंगठा फिरवत होता. "तेव्हापासून मी दुसऱ्यांचं काम तपासतो. हे एक तपासलं नाही."

मला एकदम सगळं कळलं. माझ्या फरशीवरची ती गोटी, त्या तीन नळ्या, सगळं. जगातल्या प्रत्येक भिंतीवर संशय घेणाऱ्या ह्या माणसाचा खरा संशय ह्या एका कोपऱ्यावर होता.

"उद्या कोणी बोललं नाही तर सोमवारी हा तुटेल," मी म्हणालो. "मग कोणालाच कळणार नाही."

"बरंच आहे की."

"भिंगरीला सपाट चौथरा मिळेल."

"बरंच आहे," तो पुन्हा म्हणाला, पण उठला नाही. मला त्याला हाताला धरून उठवावं लागलं.

शनिवारी सभागृहात गेलो तर टेबलावर सपाट चौथऱ्याचाच नकाशा वर होता. बाईने कानामागची पेन्सिलसुद्धा काढून ठेवली होती. भिंगरी पुढे गेली आणि त्या चौथऱ्याच्या मधोमध एक लाल चिठ्ठी लावली. मग दुसरी, तिसरी. अंगठ्याने दाबून दाबून लावत होती, एका बाजूला थोडा वाकडा अंगठा.

माझ्या शेजारची खुर्ची वाजली.

"तो मेलेला गवंडी मी," ओळंबा म्हणाला.

बाईने वही उघडली आणि पानावरून बोट फिरवलं. "कोणता, आजोबा? माझ्याकडे तीन आहेत."

"तिन्ही मीच."

सलूनवाला खुर्चीत खाली सरकला. पोरं हसली, मग बाई पण हसली, आणि मग सगळे एकदम गप्प झाले, कारण ओळंबा हसत नव्हता. तो फळ्यापाशी गेला.

"मी सांगतो ते आधी इथे लिहायचं. भोकं पाडून झाल्यावर नाही, आधी. मागाहून कोणी म्हणायला नको की ह्याने बघून सांगितलं." बाईने खडू घेतला. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. तळ पाच इंच. त्याखाली नऊ इंच दगडाची भरणी. बाकाखाली दगडाच्या चिपा, थरावर थर, ठोकून बसवलेल्या. त्यावर कारखान्याने टाकून दिलेल्या चाळण्यांची तारेची जाळी, दोन पदरी. लिहून झाल्यावर त्याने डस्टर मागून घेतलं, आपल्या खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर बसला. सोमवारपर्यंत ते डस्टर त्याच्या घरी होतं. शाळेच्या बाईंनी दोनदा निरोप पाठवला, त्याने परत दिलं नाही.

"आणि भोकं कुठे पाडायची?" बाईने विचारलं.

"एक तळाच्या मधोमध. एक लांब भिंतीच्या बाकात." त्याने खिशातली गोटी चाचपली. "तिसरं नळाच्या कोपऱ्यात."

"तिथेच का?"

"तिथे काही असेल तर असेल."

सोमवारी सकाळी यंत्र आलं, पण तोडायचं नव्हे, भोक पाडायचं. दंडाएवढ्या जाडीचा गोल तुकडा ते आतून कापून काढतं. सगळी गल्ली हौदाच्या कडेला बसली होती, पाय आत सोडून. पहिला तुकडा तळाचा: पाच इंच, खाली दगड. बाईने टेप लावून मोठ्याने सांगितलं. दुसरा बाकाचा: चिपा, जाळी, दोन पदर. सलूनवाला आजूबाजूच्यांना सांगायला लागला, की हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. ओळंबा दोन्ही वेळा नुसता हुंकारला.

तिसऱ्या वेळी तो यंत्राजवळ जाऊन उभा राहिला, इतका जवळ की यंत्रवाल्याने त्याला दोनदा मागे सारलं. चिखलाचं पाणी उडत होतं, ह्याच्या धोतरावर, चष्म्यावर. पुसेना. तुकडा बाहेर आला तेव्हा बाईने तो त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा काढला, कोरडा केला, घातला आणि तुकडा उजेडात धरून फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. वास घेतला. अंगठा फिरवला. मी कडेवरून विचारलं, "काय बघतोयस?"

"पाणी गेलं असतं तर क्षाराची पांढरी रेघ असती."

"आहे का?"

भिंगरी कडेवरून घसरत खाली गेली आणि त्याच्या दंडाखालून डोकं घालून तिनेही बघितलं. "आबा, रेघ नाहीये."

"एकदम घट्ट आहे, आजोबा," बाई म्हणाली. "ह्यातून थेंबभर पाणीही गेलं नसेल."

ओळंब्याने तिच्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, भोकात वाकून बघितलं. "हा तुकडा इथलाच ना? बदलला नाही ना कोणी?"

"तुमच्या समोर काढला की."

"हो," तो म्हणाला. मग तुकडा मांडीवर घेऊन तिथेच चिखलात बसला. बराच वेळ बसला. बाकीचे हळूहळू उठले, आपापल्या कामाला गेले. मी आणि भिंगरी राहिलो. शेवटी तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "म्हणजे तो नळवालाच."

कारखान्याचा नळ बसवणारा माणूस दहा वर्षांपूर्वी गेला, आणि तो बिचारा खरोखर एकाच गावी गेला. ओळंब्याचा संशय आता त्याच्यावर आहे. मी म्हणतो, असू दे. इतकी वर्षं एका कोपऱ्यात राहून त्या संशयाचंही अंग अवघडलं असेल, जरा बाहेर पडला तर बरं.

पार्कचं काम सुरू झालं तेव्हा नव्या गवंड्यांना हौदासारखाच बाक हवा होता आणि जमत नव्हता. चौथ्या दिवशी ओळंबा माळ्यावर चढला आणि पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी खाली घेऊन आला. मोडक्या लाकडी चाकाचा चतकोर तुकडा. अक्का म्हणाली, "ह्यांनी मला सांगितलं होतं ते जाळून टाकलं म्हणून." तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तूच जाळलं असतंस." अक्काने त्यावर विचार केला आणि कबूल केलं. ते चाक घेऊन तो सहा आठवडे कामावर गेला. पोरांना विचारून कुठे बाक उंच, कुठे ठेंगणा, ते ठरवलं. पोरं सांगायची, हा ऐकायचा, आणि मग त्यांचं खरं आहे का ते बघायला भिंगरीला दोनदा सोडून बघायचा. काम संपलं तेव्हा बाईने कौतुकाचं पत्र दिलं. त्याने ते उन्हात धरून आरपार बघितलं, आणि मग घेतलं.

तिसरा तुकडा मात्र त्याने मागून घेतला. दाराशी एका बादलीत पाण्यात बुडवून ठेवला, बादलीला आतून खडूने रेघ ओढली आणि रोज सकाळी बघायला लागला, तुकडा पाणी पितोय का. आठवड्यात पाणी बोटभर उतरलं. त्याचा चेहरा इतका उतरला की अक्काने मला बोलावून घेतलं. मी म्हणालो, "अरे, उन्हाने आटलं असेल." हे त्याला पटलं, म्हणजे पटलं नाही, पण त्याने शेजारी दुसरी बादली ठेवली, तितकंच पाणी घातलेली, आत काही नसलेली. आता दोन्हीतलं पाणी सारखंच उतरतं. भिंगरी रोज शाळेला जाताना दोन्ही रेघा बघते आणि ओरडून सांगते, "सारखंच आहे, आबा."

परवा सहज त्याच्याकडे गेलो, तर दाराशी तिसरी बादली होती.